मुरूड कुठे पळून जात नाही

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही शिडाच्या बोटीने मुंबईहून मुरूडला निघालो. बोट मित्राची, सव्वीस फुटी. बोटीवर मी, मित्र, त्याचा अकरा वर्षांचा मुलगा आणि थळचे एक जुने नाखवा. एक्सेलमधला हिशेब सोपा होता : अंतर साधारण ४० सागरी मैल, वेग ताशी ५, म्हणजे आठ तास. पहाटे साडेपाचला सुटायचं आणि दीड वाजता जंजिरा बघत जेवायचं. झकास!

नाखवांचा हिशेब तोंडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या दिवशी षष्ठी, म्हणजे साडेचार. तिथून पावणेअकरापर्यंत ओहोटी बोटीला बाहेर काढणार, आणि मदतीला जमिनीवरून येणारा मतलई वारा. "साडेपाच म्हंजे साडेपाच," त्यांनी बजावलं होतं.

आम्ही सुटलो साडेसातला. कारण? मित्र बर्फाची पेटी घरी विसरला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरला.

खांदेरी समोर दिसायला लागली आणि वारा पडला. इंजिन सुरू केलं तर पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली. ती कापताना चाकू समुद्रार्पण. मग कांदे चिरायची सुरी निघाली. तोवर भरती सुरू होऊन बोट हळूहळू मुंबईकडेच सरकायला लागली होती. मी या कामात काहीच मदत केली नाही, कारण मी कठडा धरून सकाळचे पोहे समुद्राला परत करत होतो :-)

एकच्या सुमाराला खारा वारा सुटला आणि चारला आम्ही चौलसमोर होतो. मुरूड अजून तीन-चार तास. हॉटेलचे पैसे आधीच भरलेले. मी म्हणालो, "जाऊया की, वारा मस्त आहे."

नाखवा म्हणाले, "अंधारात जाली दिसत नाय. आता भरतीचा पाणी आत नेतंय, रेवदंड्यात घुसू. मुरूड काय पलून जात नाय."

आम्ही वाद घातला. खरं सांगतो, मला राग आला होता.

पाच वाजता, कोर्लईचा किल्ला उजवीकडे ठेवून खाडीत शिरलो. नांगर टाकल्यावर मित्राने मुलाचं लाइफ जॅकेट काढायला घेतलं, तर ते बंद न सोडताच डोक्यावरून अलगद निघून आलं. मोठ्या माणसाच्या मापाचं होतं. दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मित्र बराच वेळ ते हातात घेऊन बसला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पहिला टप्पा मुद्दाम निम्मा ठेवावा. बोटीतल्या चुका पहिल्याच दिवशी कळतात, आणि त्या उजेडात, किनाऱ्याजवळ कळलेल्या बऱ्या. एकेक गोष्ट किरकोळ असते हो, पण प्रत्येक जण पाऊण तास खाते आणि शेवटचा पाऊण तास अंधारात जातो. दुसरं म्हणजे "आज इथेच थांबायचं" हे कोण म्हणणार ते किनाऱ्यावरच ठरवावं, आणि ज्याने हॉटेलचे पैसे भरलेत त्याला तो अधिकार देऊ नये. ऑफिसात आपण तारीख पुढे ढकलून सुटतो. इथे तारीख ढकलायचीही लाज वाटली, हे मात्र माझं मला नवीन होतं.

असो. रविवारी सप्तमी, भरती सव्वापाचला. आम्ही सुटलो पाच वीसला. आधी गावातून मुलाच्या मापाचं जॅकेट मागून आणलं होतं. बर्फ नव्हता.