कुंडीतला वड

कोलकात्याजवळ हावडा येथील वनस्पतिउद्यानात एक विशाल वड उभा आहे. त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक असल्याचे मानतात. बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ साली त्याचे मूळ खोड काढून टाकावे लागले. तरीही हजारो पारंब्यांच्या आधाराने तो कित्येक एकर भूमी व्यापून आजही वाढतोच आहे. दुरून पाहणाऱ्यास ते एक झाड न वाटता अरण्यच वाटते. याच जातीच्या वडाचे रोपटे एखाद्या उथळ कुंडीत लावले आणि त्याची नीट निगा राखली, तर ते हातभर उंचीचे राहूनही वर्षानुवर्षे जगते. त्याचे खोड जाड होते, फांद्या पसरतात, हवा दमट असेल तर इवल्याशा पारंब्याही सुटतात. अशा झाडाला जपानी भाषेत ‘बोन्साय’ म्हणतात. ‘बोन’ म्हणजे पसरट भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावणे. मराठीत त्याला ‘वामनवृक्ष’ असे समर्पक नाव मिळाले आहे.

ही कला मुळात चीन देशातील. तेथे इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या एका राजपुत्राच्या समाधीतील भित्तिचित्रात, तबकात लावलेली छोटी झाडे हाती घेतलेले सेवक दिसतात. पुढे ती जपानात गेली आणि तेथे तिला आजचे रूप आले. आता ती जगभर पसरली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात या कलेचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते, आणि लहानमोठ्या गावांतही वामनवृक्ष वाढवण्याची हौस असलेली माणसे आढळतात.

परंतु या कलेवर एक मोठा आक्षेप घेतला जातो. आकाशाला भिडण्यासाठी जन्मलेल्या वडाला वीतभर मातीत कोंडावे, त्याची मुळे कापावी, फांद्यांना तारेचे वेढे द्यावे आणि मग त्याचे कौतुक करावे, हा निसर्गावर अन्याय नव्हे काय, असे अनेक जण विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या मनात झाडांविषयी माया आहे, त्याच्याच मनात तो उठतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावयास हवा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वामनवृक्ष उपाशी ठेवल्यामुळे लहान राहतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला पाणी, खत आणि ऊन ही तिन्ही पुरेशी मिळावी लागतात. ती न मिळाल्यास झाड लहान राहत नाही, ते मरते. झाड लहान राहते ते वेळोवेळी केलेल्या छाटणीमुळे. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्यांना बळ येते. जुनी, जाड मुळे कापली की बारीक तंतुमुळे फुटतात आणि तीच पाणी शोषून घेतात. वामनवृक्षाची जात निराळी नसते. त्याच वडाला जमिनीत लावले, तर काही वर्षांत तो इतर वडांसारखाच मोठा होऊ लागेल.

तथापि, ही छाटणी झाडाच्या हितासाठी केली जाते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ती माणूस आपल्या आनंदासाठी करतो. मोगऱ्याची छाटणी फुलांसाठी आणि कुंपणाची छाटणी शोभेसाठी करतात, तशीच हीही. म्हणून खरा प्रश्न छाटणीचा नसून त्यानंतरच्या कर्तव्याचा आहे. रानातला वड आपली मुळे खोल नेऊन पाणी शोधतो. कुंडीतल्या वडाला ती वाट नाही. त्याची सारी भूक आणि तहान एका माणसाच्या हाती आलेली असते. ज्याने त्याला कुंडीत आणले, त्याने त्याचा भारही पत्करला पाहिजे. तो भार पत्करणारा अन्याय करीत नाही. हौसेने कुंडी आणून चार दिवसांत तिला विसरणारा मात्र खात्रीने अन्याय करतो.

हा भार किती मोठा असतो, हे बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदसारख्या गावी चांगले कळते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला हा तालुका घाटाखालचा. उन्हाळ्यात तेथे पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे तालुक्यातील भेंडवळ येथे पीकपाण्याच्या भाकितासाठी घटमांडणी होते तेव्हा, ऊन अगदी कडक असते. अशा दिवसांत उथळ कुंडीतली मूठभर माती सकाळी ओली असली, तरी दुपारपर्यंत कोरडी होते. एका दिवसाचा विसरही झाडाच्या जिवावर बेतू शकतो.

मातीची अडचण निराळीच. कपाशीला मानवणारी काळी माती कुंडीला मानवत नाही. पाणी पडले की ती फुगून चिकट होते आणि वाळली की तिला भेगा पडतात. फुगलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, भेगांमध्ये तंतुमुळे तुटतात. म्हणून जाणता माणूस विटांचे बारीक तुकडे, चाळलेली जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण करतो. कुंडीच्या तळाला भोक असावेच लागते; त्यावर जाळीचा तुकडा ठेवला म्हणजे माती वाहून जात नाही.

पाण्याचीही गोष्ट अशीच. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा या तालुक्याच्या काही भागात येतो. तेथील विहिरींचे खारे पाणी माणसांनाही बाधते, मग कुंडीतल्या झाडाची काय कथा? पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो. शेतातील क्षार भरपूर पावसाने थोडेफार धुऊन निघतात. कुंडीतले मात्र साचत जातात आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून पावसाचे पाणी साठवून ते या झाडांना घालणे आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू देणे हिताचे ठरते. एका लहानशा झाडाच्या निमित्ताने ज्या मुलाला आपल्या गावची माती आणि आपल्या विहिरीचे पाणी कळले, त्याने काही थोडे मिळवले असे म्हणता येणार नाही.

नवख्याने आरंभ कसा करावा? महागडी, परदेशी जातीची झाडे विकत आणण्याचे कारण नाही. थंड देशांतील झाडे घाटाखालच्या उन्हाळ्यात तग धरीत नाहीत. वड, पिंपळ आणि उंबर ही इथलीच झाडे या कामास उत्तम. जुन्या भिंतींत, विहिरींच्या कठड्यांत त्यांची रोपे आपोआप उगवतात. भिंत फुटू नये म्हणून घरमालक ती उपटून फेकतात. असे एखादे रोप मालकाला विचारून, मुळांना धक्का न लावता काढले, तर मरणाऱ्या झाडाला आसरा मिळतो आणि शिकणाऱ्याला सोबती. ते पहिले वर्षभर साध्या कुंडीत रुजू द्यावे. छाटणीची घाई करू नये.

नवख्याच्या हातून झाड मरते ते पुष्कळदा दुर्लक्षाने, पण तितकेच अतिप्रेमानेही. दिवसातून पाच वेळा पाणी घातल्याने मुळे कुजतात. मातीत बोट खुपसून ओल पाहावी. वरची माती कोरडी लागली तरच, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी घालावे. घड्याळ पाहून पाणी घालणे म्हणजे भूक न विचारता घास भरवण्यासारखेच आहे. शोभेसाठी झाड बैठकीत नेऊन ठेवणे ही दुसरी चूक. वड हा उन्हात वाढणारा वृक्ष आहे. त्याला अंगणात किंवा गच्चीवरच ठेवावे, फक्त ऐन उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार वेळीच काढावी, नाहीतर ती सालीत रुतून कायमचा व्रण उमटतो. मुळांची छाटणी आणि नवी माती पावसाळ्याच्या तोंडी करावी, आणि तीही एक-दोन वर्षांतून एकदाच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मामाच्या गावाला जातात. तेव्हा कुंडीतल्या झाडाला पाणी कोण घालणार? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण झाडाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा आहे. जो मुलगा निघण्यापूर्वी शेजारच्या काकूंना विनंती करतो, पाणी किती व केव्हा घालावे ते समजावून देतो आणि परतल्यावर आधी अंगणात धावतो, त्याला ही कला साधली असे समजावे. फांदी वळवण्याचे कसब त्याला पुढे सावकाश येईल.

अशा सातत्याचे फळ काय असते? अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून त्याची कुंडीत जोपासना होत आली आहे. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा ते झाड एका भिंतीच्या आडोशाला होते म्हणून वाचले. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ते हिरोशिमाच्या संहारातून वाचले आहे, ही गोष्ट तेथे उमगली ती २००१ मध्ये, जेव्हा त्यांचे नातू झाड पाहण्यास आले. ज्या राष्ट्राने बाँब टाकला, त्याच राष्ट्रातले हात आज त्याला पाणी घालतात. चारशे वर्षांत एका पिढीने जरी कंटाळा केला असता, तरी हे झाड आज नसते.

या हौसेला मर्यादाही असल्या पाहिजेत. सुंदर वळणाच्या खोडासाठी रानातली जुनी झाडे खणून आणणे ही कला नव्हे, ती लूट आहे. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. परवानगीवाचून तेथून झाड उपटून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच ठरतो. शिवाय कुंडीतला वड कितीही देखणा असला, तरी त्याच्या सावलीत वाटसरू विसावत नाही आणि त्याच्यावर पाखरांची शाळा भरत नाही. ते काम जमिनीतल्या वडाचेच. म्हणून ज्याने एक वड कुंडीत लावला, त्याने दुसरा गावाच्या मोकळ्या जागेत लावावा आणि तो मूळ धरीपर्यंत त्यालाही पाणी घालावे, हाच न्याय होय.

पुराणातल्या वामनाने तीन पावले भूमी मागितली. कुंडीतला हा वामन तेवढेही मागत नाही. त्याला वीतभर माती, ओंजळभर पाणी आणि रोज थोडे लक्ष एवढेच हवे असते. त्याचे हे मागणे नित्य पुरवण्याची ज्याची तयारी असेल, त्याने ही हौस खुशाल करावी. ज्याची नसेल, त्याने त्या रोपाला मोकळ्या जमिनीत जाऊ द्यावे. झाडावरील प्रेमाची ही दोन्ही रूपे सारखीच थोर आहेत.