सर्व्हरची डागडुजी आणि खरिपाची मुदत

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला आता पावसाच्या खंडाइतकेच परिचित झाले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आणि जोडीला पीकविम्याचा ऑनलाइन अर्ज, अशी एकेक कामे कागदावरून संगणकावर गेली. सोय निश्चितच वाढली. मात्र ही सोय ज्या यंत्रणेवर उभी आहे, तिच्या देखभालीचा प्रश्न क्वचितच चर्चेला येतो.

सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. शेवटच्या दिवसांतली गर्दी, खंडित वीज, तुटलेली जोडणी ही त्यातली सर्वांना दिसणारी. न दिसणारे एक कारण म्हणजे सर्व्हरची कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत करताना होणारी मोडतोड. कार्यप्रणाली हा पाया मानला, तर जावा, पीएचपी यांसारखी साधने ही भिंत आणि सातबारा किंवा विमा अर्जाची प्रणाली हे छप्पर. पाया बदलला की भिंतही बहुधा नवी येते. छप्पर मात्र जुन्याच मापाचे राहते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून माहितीसाठ्याशी जोडणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स काढून टाकण्यात आली. टॉमकॅट या सर्व्हरच्या दहाव्या आवृत्तीत ‘जावाएक्स’ने सुरू होणारी घटकनामे ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. परिणामी, नवव्या आवृत्तीसाठी लिहिलेली प्रणाली बदल केल्याशिवाय दहाव्यावर चालत नाही. कधी तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर सेवा आपोआप सुरू करण्याची नोंद राहून जाते, एवढ्यानेही काम थांबते.

मग जुनेच चालू ठेवावे काय? मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने त्याचे उत्तर दिले आहे. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली दुरुस्ती ज्यांनी बसवली नव्हती, असे जगभरातील संगणक त्यात सापडले. उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. देशातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. दुरुस्ती टाळणे जेवढे घातक, तेवढेच ती न तपासता सर्वत्र एकदम बसवणेही.

ग्रामीण जिल्ह्यासाठी कळीचा मुद्दा वेळापत्रकाचा आहे. सेंटओएस ७ या सर्व्हरसाठीच्या लोकप्रिय कार्यप्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. खरीप विम्याची मुदत सर्वसाधारणपणे जुलैअखेर असते. संगणकाच्या जगाला मृग-आर्द्रा ठाऊक नसतात. त्यामुळे शेतीचे वेळापत्रक पाहून काम आखण्याची जबाबदारी यंत्रणा चालवणाऱ्यांचीच ठरते. अडचण दुसऱ्या टोकालाही आहे. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालेनाशा झाल्या. गावातील सेवा केंद्राचा संगणक तेवढा जुना असेल, तर सर्व्हर ठणठणीत असूनही काम अडू शकते.

उपाय अवघड नाहीत. मूळ सर्व्हरला हात लावण्यापूर्वी त्याची हुबेहूब प्रत करून तीवर चाचणी घेणे, माहितीसाठ्याची प्रत सुरक्षित ठेवणे, बिघाड झाल्यास तासाभरात जुन्या स्थितीत परतण्याची तयारी ठेवणे आणि पेरणी ते जुलैअखेर मोठे बदल टाळणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. तातडीची सुरक्षा दुरुस्ती मात्र थांबवू नये. तसेच, प्रणाली उभारण्याच्या करारातच पुढील वर्षांच्या देखभालीची तरतूद आणि उत्तरदायी कोण, हे स्पष्ट असावे.

सर्व्हर बंद असल्याची किंमत शेवटी सर्व्हर मोजत नाही. ती आष्टी किंवा धारूरहून एका दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून आलेला शेतकरी मोजतो. बंद पडलेला काळ मुदतीत आपोआप वाढवून देण्याचा नियम झाला, तर त्या किमतीचा थोडा भार योग्य खांद्यावर जाईल.