जास्वंद, नऊ ते नऊ

जास्वंदीचं टायमिंग आणि आपलं टायमिंग कधी जमलेलंच नाही. ही बाई सकाळी उमलणार, दुपारभर टेचात मिरवणार आणि संध्याकाळी पाकळ्या गुंडाळून मोकळी होणार. एका फुलाचं आयुष्य जेमतेम एक दिवस. आपण नऊला घराबाहेर, नऊला परत. म्हणजे सोमवार ते शुक्रवार कुंडी आपली, खत आपलं आणि फुलं बघणार समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू! तरीही बाल्कनीत एकच झाड ठेवायचं म्हटलं, तर मी जास्वंदच ठेवीन. एक फूल गेलं की मागे दुसरी कळी तयारच असते. गुलाबाचे नखरे कोण सांभाळणार, राव?

ओळख जुनीच आहे. शाळेत सायन्सच्या तासाला हिच्याच पाकळ्यांचा रस लिंबात गुलाबी आणि धुण्याच्या सोड्यात हिरवा व्हायचा. लिनियसने १७५३ मध्ये हिला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचं नाव दिलं. आपल्याला मात्र ती गणपतीची म्हणूनच माहीत.

आता खरेदी. नर्सरीत शिरलं की बशीएवढ्या पिवळ्या-केशरी हायब्रिड जास्वंदी डोळा मारतात. दिसायला एकदम ग्लॅमरस! पण यातल्या बऱ्याच कलमी असतात. खोडावरचा जोड शोधा आणि त्याच्या खालून धुमारा फुटला तर लगेच काढा, नाहीतर खालचं दांडगं झाड वरच्या हिरॉइनला गिळून टाकतं. बुटकं, भरगच्च झाड बघूनही भाळू नका. कुंडीतली झाडं आटोपशीर दिसावीत म्हणून वाढ रोखणारी रसायनं वापरायची पद्धत या धंद्यात आहे. त्यांचा असर ओसरला की फांद्या लांबलचक सुटतात.

माझं मत विचाराल तर पहिली जास्वंद गावठी लालच हवी. ती आपल्याकडे सहसा बी धरतच नाही, एका झाडाच्या फांदीपासून दुसरं, असाच तिचा प्रवास. म्हणून ती विकत घ्यायची नाही, मागून आणायची. पावसाळ्यात कोणाच्या तरी कंपाउंडमधून पेन्सिलीएवढी जाड, सहा इंचांची फांदी आणा. (मागून! पहाटे पिशवी घेऊन फिरणारे काका वेगळे.) खालची पानं काढा, शेंड्याची दोन ठेवा, दोन डोळे मातीत जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. रोज उपटून बघायचं नाही.

मग बारा इंची कुंडी, खाली भोक, माती आणि शेणखत किंवा गांडूळखत. थोडं कोकोपीट चालेल. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर पानं मिळतील, फुलं विसरा. उत्तरेकडची बाल्कनी असेल तर सरळ मनी प्लांट लावा.

कळ्या गळतात ही सगळ्यांची तक्रार. नोकरदारांच्या घरी याचं कारण बऱ्याचदा आपलं शेड्यूल असतं. वीकेंडला बादलीभर पाणी आणि मधले पाच दिवस कडक उपास! बोट मातीत खुपसा, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी, पण मग खालून निथळेपर्यंत. मे महिन्यात मात्र रोज, पश्चिमेची बाल्कनी असेल तर दोनदा.

आणि खरा व्हिलन म्हणजे पिठ्या ढेकूण, नर्सरीवाल्यांच्या भाषेत मिलीबग. शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखा दिसतो. झाडावर मुंग्यांची वर्दळ वाढली की समजा, पाहुणे आलेत. हा किडा गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात. त्यामुळे मुंग्यांचाही बंदोबस्त हवा. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम ऑइल आणि लिक्विड सोपचे काही थेंब. संध्याकाळी फवारायचं, आठवड्यातून एकदा, किमान तीन वेळा. एकदा मारून सुटका होत नाही.

छाटणीला लोक उगाच घाबरतात. जास्वंदीला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कात्री चालली नाही तर झाड उंच, लुकडं आणि शेंड्याला दोन फुलं. छाटल्यावर कळ्या यायला दोन-तीन महिने लागतात. गणपतीत फुलं हवीत ना? मग मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला छाटा. ऑगस्टमध्ये उत्साहाने छाटलंत, तर बाप्पासाठी बाजारच गाठावा लागेल.

राहिला नऊ ते नऊचा प्रश्न. टपोरी कळी रात्री तोडून ठेवली तरी सकाळी पाण्याशिवाय उमलते. बाजारात जास्वंदीच्या कळ्या विकतात त्या म्हणूनच. आणि फूल रात्री बघायचं असेल तर सकाळी उमललेलं खुडून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी नको. रात्री बाहेर काढलंत की जेवण होईपर्यंत टवटवीत! दह्याच्या पातेल्याशेजारी जास्वंद बघून रूममेट काय म्हणेल, ते तुमचं तुम्ही बघा.