परदेशी कीड आणि आमच्या पाठीवरचा पंप

सन १९०६ मध्ये इटलीहून आलेले बियाण्याचे बटाटे मुंबई बंदरात उतरले आणि त्या बटाट्यांबरोबर एक कीडही उतरली. तिला बटाट्यावरील पाकोळी म्हणतात. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते, अळी आत शिरून बोगदे पाडते, आणि साठवणीतला माल बघता बघता सडतो. त्याच १९०६ साली गोऱ्या सरकारने परदेशातून येणाऱ्या कापसाच्या गाठींना धुरी देणे सक्तीचे केले होते, कारण मेक्सिकोतला बोंडावरचा भुंगा इथे येईल अशी त्यांना धास्ती होती. कापसाचा धोका वेळेवर दिसला. बटाट्याचा दिसला नाही. कापूस कुणाचा होता आणि बटाटा कुणाचा, हे वाचकांना सांगायला नको. किडींना आळा घालणारा कायदा पुढे १९१४ साली आला. तोवर पाकोळी देशात स्थिरावली होती.

आज खेड-मंचरच्या पट्ट्यात आरणीतला बटाटा निवडायला बसणाऱ्या आमच्या आयाबहिणींना विचारा. डोळ्याजवळ विष्ठेचा बारीक काळा चुरा दिसला की त्या बटाटा न कापता बाजूला फेकतात. हे ज्ञान त्यांना कुठल्या विद्यापीठाने दिलेले नाही, आणि कुठल्या विद्यापीठाने त्यांना ते विचारलेलेही नाही.

हे आठवण्याचे कारण असे की परदेशी किडींचा धोका आधीच मोजून ठेवण्याचे आता एक शास्त्र झाले आहे. कीड येऊ शकेल का, आली तर इथल्या हवामानात टिकेल का, पसरेल का, आणि पसरली तर किती नुकसान करील, असे प्रश्न घेऊन जोखीम ठरवायची आणि त्याप्रमाणे आयातीवर अटी घालायच्या. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानुसार असा शास्त्रीय आधार दाखविल्याशिवाय एखाद्या देशाचा माल कायमचा अडविता येत नाही. आपल्याकडे २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश १ जानेवारी २००४ पासून लागू झाला तो याच पायावर. कागद चांगला आहे. प्रश्न कागदाबाहेरचा आहे.

कोलोरॅडो भुंग्याचेच पाहा. पिवळा, पाठीवर दहा काळे पट्टे. अमेरिकेत रानटी झुडपांवर जगणारा हा किडा १८५९ च्या सुमारास नेब्रास्कात बटाट्यावर आला आणि १८७४ पर्यंत अटलांटिकच्या किनाऱ्याला भिडला. १९२२ साली त्याने फ्रान्समध्ये बोर्दोजवळ ठाण मांडले, १९९३ मध्ये तो चीनच्या शिनजियांगमध्ये सापडला. पन्नासहून अधिक कीटकनाशके त्याने पचविली आहेत. भारतात तो अजून नाही. आपल्या मैदानी भागात बटाटा हिवाळ्यात होतो, उन्हाळा त्याला मानवणारा नाही. पण हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर इथे उन्हाळी बटाटा असतो. खरी काळजी तिथली आहे, आणि तिथला बटाटेवाला छोटाच शेतकरी आहे.

दुसरी ग्वाटेमालाची पाकोळी. ती बटाट्याच्या कंदावरच जगते. १९८३ साली व्हेनेझुएला, १९८५ मध्ये कोलंबिया, १९९९ मध्ये स्पेनची कॅनरी बेटे, २०१५ मध्ये खुद्द स्पेनचा गॅलिसिया प्रांत, असा तिचा प्रवास आहे. तिसरीची ओळख महाराष्ट्राला झालेली आहे: टोमॅटोची नागअळी, जी बटाट्याच्या पानांवरही जगते. ती २००६ साली स्पेनमध्ये पोहोचली आणि २०१४ साली पुणे भागात आढळली. मध्ये आठ वर्षे होती. या आठ वर्षांत किती टोमॅटो उत्पादकांच्या कानावर तिचे नाव गेले होते, असा आमचा सवाल आहे.

आता कोणी म्हणेल, सगळे परदेशी बंद करा. हे आम्हाला मान्य नाही. बटाटाच मुळी पेरूच्या डोंगरातला, त्याचे नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेले. पाकोळीवर उपाय म्हणून आपल्या शेतात सोडली जाणारी कोपिडोसोमा नावाची परोपजीवी माशीदेखील मूळची दक्षिण अमेरिकेतलीच. शुद्ध-अशुद्ध, आपले-परके ही भाषा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. ती किडीच्या निमित्ताने मागच्या दाराने आलेली आम्हाला नको. १९५० साली पूर्व जर्मनीच्या सरकारने हे भुंगे अमेरिकेने विमानातून टाकले असा गवगवा केला होता. परक्यावर खापर फोडले की स्वतःच्या शेतात काय चालले आहे ते पाहावे लागत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. धोका मोजताना पिकाचे नुकसान धरतात, व्यापाराचे धरतात, फवारणीचा खर्चही धरतात. पण फवारणाऱ्याचे काय? नवी कीड आली की विष वाढते, आणि पाठीवर पंप बांधून ओळीतून चालणारा बहुधा भूमिहीन मजूर असतो. त्याला ना हातमोजे, ना मुखपट्टी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. ते कापसावरचे होते, बटाट्यावरचे नव्हेत, हे खरे. पण पंप तोच आणि पाठही तीच. जोखमीच्या तक्त्यात या पाठीसाठी रकाना नसेल तर तो तक्ता अपुरा आहे.

छोट्या शेतकऱ्याचेही तसेच. शेत लहान की मोठे यापेक्षा त्याला जोडलेले भांडवल आणि साधने पुरेशी आहेत का, हा खरा प्रश्न आहे, असे बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात दाखविले होते. मोठा बागाईतदार एक हंगाम किडीला देऊन उभा राहतो. दोन एकरवाल्याने बियाणे उधारीवर आणलेले असते, आणि कीड उधारी माफ करीत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जोखमीचे अहवाल मराठीत प्रसिद्ध करा. फवारणी मजुराच्या संरक्षक साहित्याचा आणि उपचाराचा खर्च नुकसानीच्या हिशेबात धरा. अनोळखी किडा आणून दाखविणाऱ्या मजुराला त्या दिवसाची मजुरी द्या. कारण बंदरावरचा अधिकारी पोत्यातला नमुना तपासतो, निवडणारी बाई मात्र एकेक बटाटा हातात घेते. मंचरच्या बाजारात दर हंगामाला पंजाबचे बियाणे उतरते. तिथे पट्टेवाल्या भुंग्याचे आणि ग्वाटेमालाच्या पाकोळीचे रंगीत चित्र असलेला एक फलक लावायला किती पैसे लागतात? त्याखाली फोन नंबर हवा, आणि तो फोन उचलणारा माणूसही हवा.