सिला ब्लॅक : गाणारी की बोलणारी?

मागच्या महिन्यात आमच्या खात्याचा वार्षिक कार्यक्रम होता. दरवर्षीप्रमाणे सूत्रसंचालन माझ्याकडे. साहेबांचं स्वागत, पाहुण्यांचा परिचय, मधे दोन विनोद, शेवटी आभार. कार्यक्रम बरा झाला. खाली उतरलो तर गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले, पाहुणे म्हणून आले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आदीं बरो गायतालो रे तूं. आतां फकत उलयता!"

ते हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून माझ्याबरोबर आलं.

खरं आहे त्यांचं. पंचवीस वर्षांपूर्वी गावच्या जत्रेतल्या नाटकात मी पदं म्हणायचो. दोनदा वन्समोअरही मिळाला आहे. मग नोकरी आली, संसार आला, रियाज गेला आणि रियाजामागून आवाज गेला. उरलं ते बोलणं. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, घसरण. गाणारा बोलायला लागला म्हणजे तो खाली आला, असं आपण धरूनच चालतो.

हे असंच असतं का, या प्रश्नावर मला एका इंग्रज बाईबद्दल लिहायचं आहे. तिचं नाव सिला ब्लॅक. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. मलाही नव्हतं. माझा एक शाळासोबती पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेला, तिथेच स्थिरावला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, तेव्हा म्हणाला, "आमची घरमालकीण काल दिवसभर टीव्हीसमोर बसून रडली रे, कोणीतरी सिला वारली म्हणून." मग त्याने मला तिच्या गाण्याची एक चित्रफीत पाठवली. तिथून माझा नाद सुरू झाला.

तर ही सिला मूळची प्रिसिला व्हाइट. जन्म २७ मे १९४३, लिव्हरपूल. बंदराजवळच्या स्कॉटलंड रोड भागात वाढली. बाप गोदीत कामगार, आई बाजारात जुने कपडे विकायची. शाळा संपल्यावर मुलगी कमर्शियल कॉलेजात टायपिंग शिकली आणि एका केबल कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. (इथे माझे कान टवकारले, हे सांगायला नकोच. टाइपरायटरच्या खडखडाटात माझी पहिली पाच वर्षं गेली आहेत.) फावल्या वेळात ती कॅव्हर्न क्लबमध्ये लोकांचे कोट सांभाळायची. हा तोच तळघरातला क्लब, जिथे बीटल्स वाजवायचे. अधूनमधून स्टेजवर चढून एखादं गाणंही म्हणायची. तिथल्या 'मर्सी बीट' या पाक्षिकाच्या संपादकाला तिचं आडनाव आठवेना. रंगाचं आहे एवढंच डोक्यात होतं, म्हणून त्याने व्हाइटच्या जागी ब्लॅक छापलं. बाईंनी तेच ठेवून दिलं. आपल्या खात्यात असं झालं असतं तर दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र आणि तीन महिने!

बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टीन. जॉन लेननच्या शिफारशीवरून त्याने तिला ऐकलं, पण त्या दिवशी साथीला बीटल्स होते आणि पट्टी त्यांच्या आवाजाची होती. गाणं फसलं. पुढे दुसऱ्या एका क्लबात तिला तिच्या पट्टीत ऐकल्यावर १९६३ च्या सप्टेंबरात एपस्टीनने करार केला. पट्टीची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे कामाला येईल.

१९६४ साली तिची दोन गाणी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, 'एनीवन हू हॅड अ हार्ट' आणि 'यू आर माय वर्ल्ड'. पहिलं गाणं बर्ट बाकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचं, अमेरिकेत डिऑन वॉरविकने आधी गायलेलं. आपलंच गाणं तिथे उचललं गेलं म्हणून वॉरविकबाई नाराज झाल्या, आणि ती नाराजी त्यांनी लपवलीही नाही. दोन्ही ऐकून पाहा. वॉरविकचा आवाज रेशमासारखा. सिला सुरुवातीला कुजबुजल्यासारखी गाते आणि मग एकदम असा आवाज लावते की गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाला हाक मारते आहे असं वाटावं. मला विचाराल तर गायिका म्हणून वॉरविक मोठी. पण सिलाची हाक खरी आहे.

मित्राने पाठवलेली चित्रफीत 'आल्फी'च्या ध्वनिमुद्रणाची होती. अॅबी रोड स्टुडिओ, पियानोवर स्वतः बाकरॅक, समोर मोठा वाद्यवृंद, निर्माता जॉर्ज मार्टिन. टेकवर टेक होतात, बाकरॅकचं समाधान होत नाही. आणि ही टायपिस्ट पोरगी प्रत्येक वेळी तितक्याच जोरात पुन्हा सुरुवात करते. ते पाहिल्यावर तिला सामान्य गायिका म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

१९६४ ते १९७१ या काळात तिची अकरा गाणी पहिल्या दहांत आली. आणि मग ओघ आटला. १९७१ चं शेवटचं, त्यानंतर पहिल्या दहांत एकही नाही. तोवर एपस्टीन गेला होता (१९६७, वय अवघं ३२). पण जाण्याआधी त्याने बीबीसीशी बोलून तिच्या नावाच्या कार्यक्रमाची व्यवस्था करून ठेवली होती. 'सिला' १९६८ च्या जानेवारीत सुरू झाला, त्याचं शीर्षकगीत पॉल मॅकार्टनीने लिहून दिलं, आणि १९७६ पर्यंत तो कार्यक्रम अधूनमधून चालला. मधे तिने एक सिनेमा करून पाहिला, तो पडला. विनोदी मालिका केल्या, नाताळात मुलांसाठीची नाटकं केली. म्हणजे सरळ रेषेत काहीच नाही, मिळेल ते काम. सत्तरचं दशक सरता सरता ती 'पूर्वी गाणारी बाई' झाली होती.

१९८३ साली ती टेरी वोगन यांच्या गप्पांच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून गेली आणि लिव्हरपूलच्या दिवसांच्या गोष्टी सांगून लोकांना पोट धरून हसवलं. त्यात लंडनच्या एका टीव्ही कंपनीला दिसलं की ही बाई नुसती बोलली तरी लोक बघतात. १९८४ मध्ये 'सरप्राइज सरप्राइज' सुरू झालं आणि १९८५ मध्ये 'ब्लाइंड डेट'. पहिलं २००१ पर्यंत चाललं, दुसरं २००३ पर्यंत. शनिवारी संध्याकाळी कोटीच्या वर लोक टीव्हीपुढे.

'ब्लाइंड डेट'चा खेळ अगदी साधा. पडद्याच्या एका बाजूला एक मुलगी, दुसऱ्या बाजूला तीन मुलगे. किंवा उलट. दिसत कुणीच नाही. तीन प्रश्न विचारायचे, उत्तरं ऐकून एकाला निवडायचं, मग पडदा सरकतो. जोडीने पाकीट उचलून सहलीला जायचं आणि परत येऊन एकमेकांबद्दल काय वाटलं ते सांगायचं. उत्तरं आधी बसवलेली असत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुळात कल्पनाही इंग्रजांची नव्हे, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आधीच झालेली. ब्रिटनमधला नमुना भाग दुसऱ्याच एका विनोदी नटाला घेऊन केला होता, तो काही जमला नाही. सिला आली आणि जमलं. का जमलं?

माझं मत असं. हा खेळ मुळात क्रूर आहे. दोघांना नाकारलं जातं, तेही देशासमोर. सहलीहून आलेले एकमेकांची उणीदुणी काढतात, तेही देशासमोर. तिथे एखादा चलाख, चकचकीत माणूस उभा केला असता तर तो प्रकार बघवला नसता. सिला उभी राहिली ती शेजारच्या मावशीसारखी. नाकारलेल्या मुलाला ती 'चक' म्हणायची, हे तिकडचं आपल्या 'बाबू'सारखं संबोधन. तो हसत घरी जायचा. म्हणजे ती करत काय होती? घाबरलेल्या, अवघडलेल्या माणसाला त्याची पट्टी शोधून देत होती. स्वतः एकदा दुसऱ्याच्या पट्टीत गाऊन तोंडावर पडलेली बाई होती ती. तिला ते कळत होतं. निदान मला असं वाटतं.

आणि हे सगळं तिने आपल्या बोलीत केलं. लिव्हरपूलच्या बोलीला स्काउस म्हणतात. लंडनच्या शिष्ट लोकांना ती अडाण्यांची वाटायची. साठच्या दशकातल्या बीबीसीवर तर कडक इस्त्रीचं इंग्रजी चालायचं. सिलाची बोली तिथेही सुटली नाही आणि पुढे तीच तिची ओळख झाली. काही जण म्हणतात की नंतर नंतर ती मुद्दाम जास्तच जोर देऊन बोलायची. असेलही. पण आपण गोवेकरांनी यावर हसू नये. पुण्यात गेल्यावर आपल्या मराठीतला हेल लपवण्यासाठी आपण किती आटापिटा करतो, हे ज्याचं त्याला माहीत आहे. मी स्वतः सूत्रसंचालनाला उभा राहिलो की माझी जीभ आपोआप पुण्याची होते. आणि त्या पुणेरी वाक्यांना टाळ्या कमी पडतात, हेही मी अनुभवाने सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, मग नुकसान काही झालंच नाही? झालं. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या कितीतरी इंग्रज मुलांना ही बाई गात होती हेच माहीत नव्हतं. मित्राच्या घरमालकिणीच्या मुलीला 'आल्फी' ऐकवलं, तर तिने विचारलं, ही तीच का? दुसरं असं की टीव्हीवरच्या लाडक्या मावशीकडून कुणी अवघड गाणं मागत नाही. ती अधूनमधून गायची, १९९३ आणि २००३ मध्ये तिचे अल्बमही आले, पण लोकांना तिच्याकडून आता गप्पाच हव्या होत्या. जो आवाज बाकरॅकसमोर टेकवर टेक देत उभा राहिला, त्याला पुन्हा तसं कुणी उभं केलं नाही. याची किंमत होतीच. बोलण्याने गाण्याची भरपाई होते, असं मी म्हणणार नाही. ती दोन वेगळी कामं आहेत, एवढंच माझं म्हणणं. एक सुटलं म्हणून दुसरं हलकं होत नाही.

तिचा नवरा बॉबी विलिस हाच एपस्टीननंतर तिचा मॅनेजर झाला. १९९९ मध्ये तो कर्करोगाने गेला. २००३ च्या जानेवारीत 'ब्लाइंड डेट'चा एक भाग थेट प्रक्षेपित होत होता, आणि त्यातच तिने जाहीर करून टाकलं की मी हा कार्यक्रम सोडते आहे. कंपनीवाले बघतच राहिले. गाणं तिच्या हातून निसटलं होतं, पण हे काम तिने स्वतः खाली ठेवलं. निवृत्तीचा दिवस कॅलेंडरवर छापून आलेला असतो अशा नोकरीतल्या माणसाला याचं अप्रूप फार वाटतं.

१ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनमधल्या घरी पडल्याचं निमित्त होऊन ती गेली. वय ७२. त्याच महिन्यात तिच्या जुन्या गाण्यांचा संग्रह ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिला आला. हयातीत तिचा एकही अल्बम तिथे पोचला नव्हता. बोलण्यावर प्रेम करणाऱ्या लोकांनीच शेवटी जाऊन ती गाणी विकत घेतली असणार. २०१७ च्या जानेवारीत कॅव्हर्नच्या जुन्या दाराबाहेर तिचा पुतळा उभा राहिला. मुलांनी शहराला दिलेला. जिथे ती कोट सांभाळायची, तिथेच. पुतळा तरुण सिलाचा आहे, गाणाऱ्या सिलाचा. म्हणजे लिव्हरपूलने आपल्यापुरता निकाल दिला आहे. माझ्या मित्राची घरमालकीण मात्र रडली ती शनिवार संध्याकाळच्या सिलासाठी. दोघांचंही बरोबर आहे, असं मला वाटतं.

आता त्या गावच्या गृहस्थांविषयी. मी काही सिला ब्लॅक नव्हे. माझा वन्समोअर फक्त दोनदाचा, आणि त्यातला एक मामाने ओरडून मिळवलेला. पण त्या दिवशी कार्यक्रमात आमच्या शिपाईमामांचा निवृत्तीनिमित्त सत्कार होता. माइक हातात घेतल्यावर त्यांचे पाय कापायला लागले, शब्द फुटेना. मी बाजूला जाऊन त्यांना कोकणीत विचारलं की पहिल्या दिवशी ऑफिसात आलात तेव्हा कोणता साहेब होता. आणि मग ते दहा मिनिटं असे बोलले की सगळा हॉल हसला आणि दोन बायकांनी डोळे पुसले.

पुढच्या वेळी ते गृहस्थ भेटले, की "हय, उलयतां" एवढंच म्हणेन. आणि पुढच्या वर्षीचं सूत्रसंचालन आपल्या हेलातच करेन म्हणतो. बघू या, टाळ्या किती पडतात ते.