विश्लेषण : न्यूटची कवटी वयानुसार का बदलते? त्याची दखल कशासाठी?

प्राणी वाढतो म्हणजे फक्त आकाराने मोठा होतो, हा समज न्यूट हा शेपटीवाला उभयचर खोटा ठरवतो. त्याच्या कवटीतील बदल समजून घेतले, तर संवर्धनाच्या धोरणातली एक मोठी त्रुटीही लक्षात येते.

नेमके काय बदलते?

न्यूट हा सॅलॅमँडरचाच एक गट. अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यात राहते आणि मानेजवळच्या पिसांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेते. तोंड झटकन उघडून, घसा फुगवून ते पाण्यासकट भक्ष्य आत ओढते. त्यासाठी घशातला, कल्ल्यांना आधार देणारा सांगाडा भक्कम लागतो. रूपांतरणाच्या वेळी कल्ले झडतात आणि हा सांगाडा आक्रसतो. टाळूच्या हाडांची मांडणी बदलते. पिल्लात जवळपास नसलेले वरच्या जबड्याचे हाड तयार होते. जमिनीवर जिभेने आणि जबड्याने भक्ष्य पकडण्याची ही तयारी असते.

सगळे न्यूट असेच बदलतात का?

नाही. युरोपातील अल्पाइन न्यूट आणि स्मूथ न्यूट यांच्या काही समूहांत अनेक प्राण्यांचे रूपांतरण पूर्ण होत नाही. कल्ले आणि डोक्याची बरीचशी बालपणीची ठेवण राखूनच ते प्रजननक्षम होतात आणि पाण्यातच राहतात. म्हणजे एकाच प्रजातीत, कधी एकाच तळ्यात, दोन प्रकारची डोकी आणि जगण्याच्या दोन रीती.

मग धोका कुठे आहे?

मॉन्टेनेग्रोसह बाल्कन प्रदेशातील डोंगरी तळ्यांत असे कल्लेधारी प्रौढ न्यूट होते. तिथे बाहेरून मासे आणून सोडले गेले आणि अनेक तळ्यांतून हे रूप नाहीसे झाले. अल्पाइन न्यूट युरोपात इतरत्र भरपूर असल्याने प्रजातींच्या यादीत मात्र ओरखडाही उमटला नाही. प्रजाती शिल्लक आहे, मग रडायचे कशाला, असे कोणी विचारील. पण त्या तळ्यात अनेक पिढ्या रुजलेली जगण्याची रीत दुसऱ्या तळ्यातले न्यूट आणून सोडल्याने परत येईलच असे नाही. आपण नावे मोजतो, जगण्याच्या रीती मोजत नाही.

भारताचा संबंध काय?

सह्याद्रीत न्यूट नाहीत. आपल्याकडे ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येत आढळतात. दार्जिलिंग परिसरातील हिमालयीन न्यूट पावसाळ्यात प्रजननासाठी पाण्यात उतरतो आणि एरवी काठच्या ओलसर झाडोऱ्यात राहतो. तळे सुशोभित करून काठ सिमेंटने बांधला, तर त्याचे निम्मेच आयुष्य वाचते.

म्हणून कोणत्याही तळ्यात मासे सोडण्यापूर्वी किंवा काठ बांधण्यापूर्वी तिथल्या उभयचरांची, त्यांच्या सर्व अवस्थांसह, पाहणी सक्तीची हवी. ती खर्चिक नाही. नाहीशी झालेली रीत परत आणणे मात्र पैशांच्या आवाक्यातले नाही.