एस्केपवरचं झाकण
या आठवड्यात एका पतसंस्थेत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रणालीवर व्याज-आकारणी चालू होती आणि कीबोर्डवर एस्केपच्या बटणावर चिकटपट्टीने पुठ्ठ्याचं झाकण बसवलेलं होतं. कारण जुने प्रोग्रामर लगेच ओळखतील. फॉक्सप्रोत 'सेट एस्केप' मुळातच ऑन असतं. बटण दाबलं की कॅन्सल, सस्पेंड, इग्नोर असे पर्याय पुढ्यात येतात. खात्यांवरून फिरणारं लूप निम्म्यावर असताना कॅन्सल झालं, तर निम्म्या खात्यांना व्याज लागतं, उरलेली कोरडी. डॉसवरच्या फॉक्सप्रोत झालेलं मागे फिरवायची सोयच नव्हती. म्हणून कित्येकांनी 'सेट एस्केप ऑफ' लिहून, क्लिपर ही तशीच दुसरी भाषा वापरणाऱ्यांनी 'सेटकॅन्सल'ने ऑल्ट-सी अडवून विषय मिटवला. मला हे अजिबात मान्य नाही. चुकीची तारीख टाकली गेली हे क्लार्कच्या लक्षात आलं, तर त्याला थांबता आलंच पाहिजे. नाहीतर तो सरळ मशीन बंद करतो आणि इंडेक्स बिघडतो. योग्य वाट इन्फॉर्मिक्स फोर-जीएल या डेटाबेस-भाषेने दाखवली. तिथे 'डिफर इंटरप्ट' लिहिलं की कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्राम मरत नाही, फक्त 'इंट फ्लॅग' ट्रू होतो. एकेक खातं पुरं झालं की प्रोग्रामने तो तपासायचा आणि ट्रू असेल तर थांबायचं. एसटीत घंटीची दोरी ओढली की चालक घाटाच्या वळणावर गाडी उभी करत नाही, पण पुढच्या थांब्यावर करतोच. थांबताना शेवटचा खातेक्रमांक नोंदवून ठेवा, फ्लॅग पुन्हा फॉल्स करा आणि ते पुठ्ठ्याचं झाकण काढून टाका. माणसाचं 'थांब' ऐकणं हे प्रोग्रामचं कामच आहे.